कपाळावरची आठी

२०२४ सालच्या संक्रांतीची गोष्ट. मिलवॉकीत त्या आठवड्यात पारा फॅरनहाइटमध्येसुद्धा शून्याच्या खाली गेला होता. तरी हळदीकुंकवाला तीस-पस्तीस जणी आल्या होत्या. अंगात पैठणी, वर जाडजूड पार्का आणि पायात स्नो-बूट, असा आपला इथला थाट. निघताना मी आतल्या खोलीतल्या ढिगातून माझा कोट शोधत होते, तेवढ्यात एक पोरगी दार लोटून आत आली. पोरगी म्हणजे बेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई. पण माझ्या वयाला आता सगळ्या पोरीच.

"काकू, तुम्ही हॉस्पिटलच्या फार्मसीत होतात ना? एक विचारू? पण कुणाला सांगू नका."

विचारायचं होतं ते बोटॉक्सबद्दल. तिच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये शनिवारी आठ-दहा जणी जमणार होत्या. चहा-सामोसे, आणि एक बाई येऊन सगळ्यांना इंजेक्शनं देणार. डॉक्टरकडच्यापेक्षा निम्म्या किमतीत. "मला काही हिरॉईन व्हायचं नाही हो," ती म्हणाली. "पण ऑफिसात रोज कुणीतरी विचारतं, तू चिडली आहेस का? मी चिडलेली नसते. माझा चेहराच तसा झालाय." आणि तिने दोन भुवयांच्या मधे बोट ठेवलं. तिथे दोन उभ्या आठ्या होत्या.

मी तिला तिथल्या तिथे "जाऊ नकोस" एवढंच म्हणाले आणि बाकीचं फोनवर सांगीन म्हटलं. फोनवर सांगायला बसले तेव्हा लक्षात आलं, हे सांगायचं तर आमच्या वन्संपासून सांगावं लागेल, आणि वन्संच्याही आधी दोनशे वर्षांपासून. तेच इथे लिहून काढते आहे.

आधी शब्दांचा एक घोळ निस्तरू. इंग्रजीत सगळ्याला एकच शब्द चालतो. मराठीत आठी वेगळी आणि सुरकुती वेगळी. सुरकुती कातडीला पडते. वयाने, उन्हाने, सुकलेल्या आंब्याला पडते तशी. आठी स्नायू पाडतो. कपाळाच्या कातडीखालचा स्नायू आखडला की आठी पडते, सैल झाला की जाते. वर्षानुवर्षं तीच घडी पडत राहिली की मग ती कायमची बसते, इस्त्री न केलेल्या लुगड्यासारखी. हे औषध आठीचं आहे, सुरकुतीचं नाही. ते कातडीला काहीच करत नाही. फक्त स्नायूला काही महिने गप्प बसवतं. एवढी एक गोष्ट कळली तरी निम्म्या जाहिरातींची किंमत कळते.

आता दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. दक्षिण जर्मनीतलं व्युर्टेंबर्ग संस्थान. नेपोलियनच्या लढायांनी गरिबी आलेली, खेड्यापाड्यांत डुकराच्या मांसाचे आणि रक्ताचे सॉसेज घरीच भरून धुरावून ठेवायची पद्धत, आणि ते खाऊन माणसं विचित्र तऱ्हेने मरत होती. ताप नाही, शुद्ध जात नाही. आधी एकाचं दोन दिसायला लागतं, पापण्या मिटायला लागतात, घसा कोरडा पडतो, घास गिळत नाही, आवाज जातो आणि शेवटी श्वास थांबतो. माणूस पूर्ण जागा असतो. १७९३ साली विल्डबाड गावी एकाच प्रसंगी तेरा जण आजारी पडले आणि त्यांतले सहा गेले.

याचा पाठपुरावा केला एका तरुण सरकारी डॉक्टरने, युस्टिनुस केर्नर त्याचं नाव. हा गृहस्थ डॉक्टर होता आणि जर्मनीतला नावाजलेला कवीही होता. त्याच्या कवितांना संगीतकार शूमानने चाली लावल्या आहेत. १८२० साली त्याने शहात्तर रोग्यांची हकीकत छापली, १८२२ साली एकशे पंचावन्न जणांची. विषारी सॉसेजमधून अर्क काढून तो प्राण्यांना दिला, आणि त्यावर समाधान झालं नाही म्हणून स्वतःच्या जिभेवर थेंब घेतले. (कवीच तो!) त्याचं निरीक्षण असं की हे विष मेंदूला हात लावत नाही. मज्जातंतूंकडून स्नायूंना आणि ग्रंथींना जाणारा निरोप ते अडवतं. म्हणून हातपाय लुळे पडतात, आणि म्हणूनच लाळ, अश्रू, घाम आटतात. त्यापुढे तो जे लिहितो ते वाचून मी फार्मसीच्या खुर्चीत ताठ बसले होते. तो म्हणतो, जिथे शरीर गरजेपेक्षा जास्त हलतं किंवा जास्त पाझरतं, तिथे याच विषाचा अगदी सूक्ष्म डोस औषध ठरू शकेल. हे १८२२ साली. अतिघामावर हे औषध द्यायला अमेरिकेत परवानगी मिळाली २००४ साली.

विष कुठून येतं हे मात्र केर्नरला उमगलं नाही. जंतूंमुळे रोग होतात हेच तेव्हा ठाऊक नव्हतं. ते उलगडलं १८९५ च्या डिसेंबरात, बेल्जियममधल्या एलझेल गावी. एका म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेत वाजवायला आलेली बँडवाली मंडळी नंतर हॅम खायला बसली. चौतीस वादक, त्यांतले तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगम या प्राध्यापकाने त्या उरलेल्या हॅममधून जंतू वेगळा काढला आणि १८९७ साली सविस्तर छापलं. लॅटिनमध्ये सॉसेजला 'बॉट्युलस' म्हणतात, त्यावरून रोगाचं नाव बॉट्युलिझम. या जंतूची खोड अशी की त्याला हवा सोसत नाही. हवाबंद, ओलसर, आंबट नसलेली जागा मिळाली की तो फोफावतो आणि विष तयार करतो.

इथे दोन गोष्टी आपल्या स्वयंपाकघरासाठी सांगून टाकते, कारण त्या दोन्ही मी आपल्याच घरांमधून पाहिल्या आहेत. एक म्हणजे तेलात बुडवून ओट्यावर ठेवलेला लसूण. लोणच्यावरही तेलाचा थर असतो, पण लोणच्याला आंबटपणा आणि मीठ राखतं. नुसत्या लसणाला कोण राखणार? व्हँकूवरच्या एका रेस्टॉरंटमध्ये १९८५ साली असाच तेलातला लसूण खाऊन छत्तीस जणांना हा रोग झाला. दुसरी गोष्ट बाळाला मध चाटवण्याची. आपल्याकडे बारशाआधीच सोन्याच्या वळ्याने मध चाटवतात. आमच्या सासूबाईंनी माझ्या दोन्ही मुलांना हौसेने चाटवला. या जंतूची बीजं मधात असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात. तान्ह्या बाळांचा हा आजार कॅलिफोर्नियात ओळखला गेला तोच मुळी १९७६ साली. नातीच्या वेळी मी वळं धुऊन, नुसतंच तिच्या ओठाला लावलं. विधी झाला, आजी खूश, डॉक्टरही खूश.

असो. विषाची गोष्ट पुढे गेली ती लढाईमुळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला भीती होती की शत्रू हे विष वापरेल. मेरीलँडमधल्या कँप डेट्रिकला शास्त्रज्ञ बसवले गेले, आणि १९४६ साली तिथल्या लोकांनी ते शुद्ध स्फटिकरूपात वेगळं केलं. माणसाला माहीत असलेल्या विषांमधलं हे सर्वांत जहाल. तिथेच १९४४ पासून एडवर्ड शांट्झ नावाचे शास्त्रज्ञ काम करत होते. पुढे १९६९ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जैविक अस्त्रांचा कार्यक्रम बंद केला आणि १९७२ साली शांट्झ आमच्या विस्कॉन्सिनला, मॅडिसनच्या विद्यापीठात आले. मॅडिसन माझ्या घरापासून ऐंशी मैलांवर. मुलांना घेऊन तिथल्या तळ्याकाठी आम्ही कितीदा पुरी-भाजी खाल्ली असेल. पलीकडच्या इमारतीत काय शिजतंय याची गंधवार्ता नव्हती.

शांट्झ यांच्याकडे विष मागणारा माणूस सॅन फ्रान्सिस्कोचा, डॉक्टर ॲलन स्कॉट. हे डोळ्यांचे डॉक्टर. तिरळेपणावर तेव्हा शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय होता: डोळ्याचा ओढणारा स्नायू कापून मागे शिवायचा. स्कॉट यांना वाटलं, कापण्याऐवजी त्या स्नायूला सैल करणारं काही टोचता आलं तर? बरीच रसायनं वापरून झाल्यावर ते या विषापाशी आले. माकडांवरचे प्रयोग त्यांनी १९७३ साली छापले, माणसांवरचे १९८० च्या सुमारास. शांट्झ यांनी १९७९ च्या नोव्हेंबरात माणसांसाठी म्हणून एक घाणा काढला. तो सगळा एका चहाच्या चमच्यात मावला असता. अमेरिकेतल्या रोग्यांना १९९७ च्या अखेरपर्यंत जे औषध मिळालं, ते त्या एका घाण्यातलं.

आमच्या वन्सं या गोष्टीत येतात त्या १९८४ साली. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. सांगलीला शाळेत शिक्षिका होत्या, वैधव्य आल्यावर आमच्याकडे राहायला आल्या. वाचनाचं विलक्षण वेड. त्या वर्षी त्यांचे डोळे लवायला लागले. आधी उन्हात, मग दिव्यात, मग केव्हाही. वर्षभरात अशी अवस्था झाली की पापण्या घट्ट मिटायच्या आणि मिनिट-मिनिट उघडायच्याच नाहीत. डोळे ठणठणीत, पण माणूस आंधळा. रस्ता ओलांडताना मधेच पापण्या मिटल्या की तिथेच उभ्या राहायच्या, हात पुढे करून. मंडळात कुणी म्हणालं डोळे मिचकावतात, कुणी म्हणालं नजर लागली. एका डॉक्टरने त्यांना मनाचा रोग ठरवून झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी काही झालं असेल तर एवढंच की स्वतःवरचा विश्वास गेला. "अगं, मीच मुद्दाम मिटत असेन का गं?" असं त्यांनी मला विचारलेलं मी विसरू शकत नाही.

रोगाचं नाव ब्लेफारोस्पॅझम. ते सांगणारा डॉक्टर १९८५ साली भेटला, आणि तो स्कॉट यांच्या चाचणीत सहभागी होता. औषधाचं नाव तेव्हा 'ऑक्युलिनम'. पापण्यांभोवती आणि भुवयांपाशी बारीक सुईने थेंबथेंब. बाटली आमच्याच फ्रीझरमधून गेली. मी लेबल वाचलं आणि घरी येऊन यजमानांना म्हटलं, "तुमच्या बहिणीला आपण जगातलं सगळ्यात जहाल विष देतोय, माहीत आहे ना?" ते म्हणाले, "तिला विचार." वन्सं म्हणाल्या, "दे. अंधारात बसून काय करू?"

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या, भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभ्या राहिल्या, आणि त्या दिवसाची तिथी, नक्षत्र, सूर्योदय सगळं घडाघडा वाचलं. मग पान उलटून पाठीमागची पाककृती वाचली. मी पोळ्या लाटत होते. तवा जळला.

हे होतं कसं? मज्जातंतूच्या टोकाशी निरोपाच्या रसायनाच्या इवल्या पिशव्या असतात. स्नायूला हलायला सांगायचं तर पिशवी कडेला येऊन उघडावी लागते, आणि त्या उघडण्याला एका प्रथिनाची कडी लागते. विष ती कडीच कापतं. टपाल दारापर्यंत येतं, आत पडत नाही. औषधाच्या अख्ख्या बाटलीत हे विष असतं ते काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या हिशेबात. ते वजनाने मोजणंच कठीण, म्हणून 'युनिट' हे वेगळं माप. दोन-तीन दिवसांत परिणाम दिसायला लागतो, पंधरवड्यात पूर्ण होतो, आणि तीन-चार महिन्यांत मज्जातंतू पुन्हा पूर्ववत काम करू लागला की ओसरतो. कडी कापण्याचा हा उलगडा १९९२-९३ साली झाला. वन्संना त्याच्या आधीच गुण आला होता; आयुर्वेदाला नावं ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की इथेही गुण आधी आणि कारण मागून आलं.

१९८६ साली मात्र औषध बंद पडलं. विष संपलं म्हणून नव्हे. औषधाने काही अपाय झाला तर भरपाईचा जो विमा उत्पादकाला लागतो, तो कुणी द्यायला तयार होईना. चार महिने अमेरिकेतल्या रोग्यांना इंजेक्शन मिळेना. आधीचा डोस उतरला तसे वन्संचे डोळे पुन्हा मिटायला लागले, आणि या वेळी त्यांना माहीत होतं काय येतंय. कॅनडातल्या नेत्रकेंद्रांत औषध मिळत होतं. आम्ही दोघी आणि यजमान गाडीने निघालो. शिकागोला वळसा, डेट्रॉइटचा पूल, पलीकडे कॅनडा. मागच्या सीटवर वन्सं दोन बोटांनी एक पापणी उचलून धरून बसल्या होत्या, रस्त्यावरच्या पाट्या वाचता याव्यात म्हणून. सीमेवरच्या अधिकाऱ्याने कशासाठी जाताय विचारलं. वन्संनीच उत्तर दिलं, त्यांच्या शाळेतल्या इंग्रजीत: "टु ओपन माय आइज, सर." त्याने काय अर्थ घेतला देव जाणे, पण सोडलं.

त्याच्या पुढच्याच वर्षी, गणपतीत, मंडळातल्या एका बाईंनी वन्संना बाजूला घेऊन विचारलं, "कपाळाला काय लावता हो? एक आठी नाही!" मी हसले आणि प्रसादाचं ताट घेऊन पुढे गेले.

त्याच १९८७ साली व्हँकूवरच्या डॉक्टर जीन कॅरदर्स यांच्या कानावरही असंच काहीसं आलं. या नेत्रतज्ज्ञ, स्कॉट यांच्याकडे शिकलेल्या. त्यांच्या एका ब्लेफारोस्पॅझमच्या रोगी बाईंनी तक्रार केली, या वेळी भुवयांच्या मधे का नाही टोचलंत? तिथे टोचलंत की माझा चेहरा शांत दिसतो. जीन बाईंचे यजमान ॲलिस्टर कॅरदर्स त्वचारोगतज्ज्ञ. आठ्या भरून काढायच्या कसरतीत रोज गुंतलेले. संध्याकाळी घरी बोलणं झालं. मी हसून पुढे गेले, ते दोघे गेले नाहीत, हा फरक! त्यांच्या दवाखान्यातल्या स्वागतिकेने आपणहून कपाळ पुढे केलं. पुढे जीन बाईंनी स्वतःलाही टोचून घेतलं. लोक सहजी तयार होत नव्हते. विष कपाळात कोण घेणार? अठरा जणांवरचा त्यांचा लेख १९९२ साली छापून आला.

दरम्यान १९८९ च्या डिसेंबरात एफडीएने औषधाला तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी परवानगी दिली होती. लवकरच अ‍ॅलर्गन कंपनीने स्कॉट यांच्याकडून ते विकत घेऊन 'बोटॉक्स' हे नाव ठेवलं. भुवयांमधल्या आठ्यांसाठी परवानगी आली २००२ च्या एप्रिलमध्ये, जुनाट अर्धशिशीसाठी २०१० साली. आता तसल्या पाच-सहा कंपन्यांची औषधं बाजारात आहेत, आणि इथेच पहिली मेख आहे: एका कंपनीचं युनिट म्हणजे दुसरीचं युनिट नव्हे. "वीस युनिट दिले" याला औषधाचं नाव सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

त्या पोरीला मी फोनवर हे सगळं सांगितलं. तिला आठी का नको वाटते हे मला कळत होतं. भुवया जवळ ओढणाऱ्या स्नायूला दुशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ सालीच 'दुःखाचा स्नायू' म्हटलं होतं. डार्विनने १८७२ साली चेहऱ्यांवरच्या भावनांबद्दल पुस्तक लिहिलं, त्यासाठी जगभरातून माहिती मागवली. हिंदुस्थानातल्या त्याच्या माहितगाराला इथल्या लोकांबद्दल खात्रीने काही सांगणं अवघड गेलं. कारण युरोपियनांसमोर ते भावना लपवतात. आपल्या ऑफिसांतल्या चेहऱ्यांना दीडशे वर्षांत फारसं काही झालेलं नाही, असं मला कधीकधी वाटतं. म्हणून "वय स्वीकार" वगैरे उपदेश मी तिला केला नाही. कपाळ तिचं आहे.

मी एवढंच म्हटलं की हे औषध आहे, फेशियल नव्हे. परवानाधारक माणसाकडे, दवाखान्यात घे. बाटली तुझ्यासमोर उघडायला सांग, नाव आणि लॉट नंबर वाच. गरोदर असशील, अंगावर पाजत असशील किंवा स्नायूंच्या दुबळेपणाचा आजार असेल तर नकोच. नीट हातानेही क्वचित एखादी पापणी उतरते. ती काही आठवड्यांत सावरते. पण नंतर काही तासांत, दिवसांत वा आठवड्यांत एकाचं दोन दिसलं, गिळायला किंवा बोलायला जड गेलं, श्वास अडला, तर थेट इमर्जन्सीत जा. तीच ती केर्नरच्या रोग्यांची लक्षणं. प्रतिविष असतं, पण ते पुढचं नुकसान थांबवतं. झालेलं पुसत नाही. २००४ साली फ्लोरिडात चौघांना प्रयोगशाळेसाठीचं कच्चं विष टोचलं गेलं आणि चौघांनाही श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं. यांतला एक टोचणारा डॉक्टरच होता, त्याचा परवाना आधीच निलंबित झालेला.

आणि त्याच वर्षी, २०२४ च्या एप्रिलमध्ये, सीडीसीने इशारा दिला: अकरा राज्यांत बावीस जणी आजारी, निम्म्या रुग्णालयात. कुणी घरी टोचून घेतलेलं, कुणी स्पामध्ये, बिनपरवान्याच्या हातून. काहींच्या बाबतीत मालच बनावट होता. एफडीएने सांगितलेली बनावटीची एक खूण म्हणजे खोक्यावर १५० युनिट लिहिलेलं. त्या मापाची बाटली मूळ कंपनी बनवतच नाही.

वन्सं २०१२ साली गेल्या. सत्तावीस वर्षांत शंभरावर वेळा त्यांनी सुया घेतल्या, दर वेळी औषधाचं नाव आणि युनिट एका वहीत लिहून ठेवत. ती वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानापर्यंत अक्षर शाळेतल्या फळ्यावरचं.

ती पोरगी बेसमेंटमध्ये गेली नाही. फेब्रुवारीत तिचा फोन आला. "काकू, मी त्या बाईंना बाटलीचा फोटो मागितला."

"मग?"

"व्हिडिओवर होत्या. कपाळावर एक आठी पडली नाही हो, पण आवाजात चांगल्या दोन-चार पडल्या."